फुटबॉलवाली पोरं, गल्लीची ईर्ष्या आणि मैदानाचा बंदोबस्त

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या तुमच्या गावात दरवर्षी फुटबॉलची स्पर्धा होते. गेल्या वर्षी उपांत्य सामन्यात दोन गल्ल्यांच्या समर्थकांत दगडफेक झाली, एका पोराच्या डोक्याला टाके पडले आणि सामना अर्धवट राहिला. आता गावातली थोर मंडळी म्हणतात की फुटबॉलवाली पोरं म्हणजे गुंडच, स्पर्धाच बंद करा. पोलिस परवानगी द्यायला का-कू करतायत. तुमच्या मंडळातल्या काहींचं मत असं की त्या एका गल्लीच्या संघाला प्रवेशच द्यायचा नाही, म्हणजे विषय मिटला. ईर्ष्या ठेवून हुल्लडबाजी टाळता येते का आणि त्या गल्लीला वगळावं का, असं तुम्ही विचारलंय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: वगळू नका. पहिल्याचं उत्तर, होय, टाळता येते. पण त्यासाठी स्पर्धेच्या आधी महिनाभर राबावं लागतं. मी बरीच वर्षं बेळगावात पंच म्हणून शिट्टी वाजवली. पुढे स्पर्धांची आखणी आणि मैदानावरचा बंदोबस्त बघत आलो, खानापूर, निपाणी आणि पलीकडे चंदगड-गडहिंग्लजपर्यंत. हे सगळं त्या अनुभवातून लिहितोय, आणि हा विषय मला फार जवळचा आहे म्हणून जरा लांबणार आहे.

हुल्लडबाजी ही बातम्यांनी फुगवलेली गोष्ट आहे असं मी म्हणणार नाही. तिच्यापायी माणसं मेली आहेत. २९ मे १९८५ ला ब्रुसेल्सच्या हेसेल स्टेडियमवर लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांच्यात युरोपियन कपचा अंतिम सामना होता. सामना सुरू व्हायच्या आधीच लिव्हरपूलच्या समर्थकांचा एक जमाव मधलं तकलादू कुंपण मोडून पलीकडच्या लोकांवर धावून गेला. पळणारी माणसं भिंतीशी चेंगरली, भिंत कोसळली. ३९ जण गेले, त्यातले बहुतेक इटलीचे. पुढे १४ समर्थकांना सदोष मनुष्यवधासाठी शिक्षा झाली. इंग्लंडच्या सगळ्या क्लबांना युरोपच्या स्पर्धांतून पाच वर्षं बाहेर ठेवलं गेलं, लिव्हरपूलला सहा. धावून जाणाऱ्यांचा गुन्हा कुणी झाकू नये. पण त्याच वेळी हेही लक्षात घ्या की स्टेडियम जुनं आणि मोडकळीला आलेलं होतं. तटस्थ प्रेक्षकांसाठी ठेवलेल्या भागाची तिकिटं युव्हेंटसवाल्यांच्या हाती पोचली होती, आणि दोन्ही गटांच्या मधे मोजकेच पोलिस होते. म्हणून तिथल्या कोर्टाने एका पोलिस अधिकाऱ्याला आणि बेल्जियमच्या फुटबॉल संघटनेच्या एका पदाधिकाऱ्यालाही दोषी धरलं.

आता चार वर्षं पुढे या. १५ एप्रिल १९८९, शेफिल्डचं हिल्सबरो मैदान. इंग्लंडच्या एफए कपचा उपांत्य सामना, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. लिव्हरपूलच्या लोकांना ज्या बाजूने आत सोडत होते तिथली फिरती दारं अपुरी होती, बाहेर गर्दी तुंबली. २ वाजून ५२ मिनिटांनी पोलिसांनीच एक मोठं गेट उघडायला लावलं. आत शिरल्या शिरल्या समोर बोगदा दिसायचा आणि तो थेट मधल्या दोन कप्प्यांत उतरायचा. ते कप्पे आधीच खच्चून भरलेले होते. दोन्ही बाजूंच्या कप्प्यांत जागा होती, पण बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून लोकांना तिकडे वळवायला कुणी नव्हतं. समोर लोखंडी जाळी. ती जाळी कशासाठी? हुल्लडबाज मैदानात उतरू नयेत म्हणून. जीव वाचवायला जे जाळीवर चढले त्यांना सुरुवातीला पोलिसांनी पुन्हा आत ढकललं, कारण त्यांना वाटलं की ही पोरं मैदानात घुसतायत. ३ वाजून ६ मिनिटांनी सामना थांबला. त्या चेंगराचेंगरीने एकूण ९७ जणांचा जीव घेतला.

पुढे जे झालं ते मी नव्या पंचांना आणि स्वयंसेवकांना नेहमी सांगतो. पोलिसांकडून पहिली बातमी अशी गेली की समर्थकांनी गेट फोडलं. चार दिवसांत एका मोठ्या वर्तमानपत्राने पहिल्या पानावर छापलं की दारुड्या समर्थकांनी मेलेल्यांचे खिसे कापले. ते लोकांना पटलं, कारण हे लिव्हरपूलवाले, म्हणजे हेसेलवाले! त्याच वर्षी न्यायमूर्ती टेलर यांनी चौकशीत सांगितलं की मुख्य कारण पोलिसांचं नियंत्रण सुटणं हे होतं, तरी डाग गेला नाही. २०१२ साली स्वतंत्र समितीने उघड केलं की १६४ पोलिसांच्या जबाबांत फेरफार झाले होते. २०१६ साली ज्युरीने निकाल दिला की त्या माणसांचा बेकायदा वध झाला आणि समर्थकांच्या वागण्याचा त्यात वाटा नव्हता. २७ वर्षं! आयांनी पोरं गमावली, आणि वर इतकी वर्षं ऐकून घेतलं की चूक तुमच्या पोरांचीच. मूठभरांनी १९८५ ला केलेल्या गुन्ह्याची शिक्षा १९८९ च्या मेलेल्यांना भोगावी लागली.

तुमच्या गावात नेमकं हेच सुरू झालंय. एका गल्लीतल्या चार-पाच जणांनी दगड उचलले आणि आता त्या गल्लीतलं प्रत्येक पोर गुंड ठरलं. त्यांना वगळलंत तर दोन गोष्टी होतील. गेल्या वर्षी मैदानात काय चुकलं होतं हे कुणी बघणार नाही, कारण दोषी सापडलाय असं सगळ्यांना वाटेल. आणि त्या पोरांना तो शिक्का आवडायला लागेल. इंग्लंडमधे मिलवॉलच्या समर्थकांचं तेच झालं. आपण कुणाला आवडत नाही, ही त्यांची अभिमानाची घोषणाच होऊन बसली. वेस्ट हॅमच्या नावाने मारामाऱ्या करणारी इंटर सिटी फर्म म्हणून टोळी होती. मार खाऊन पडलेल्या माणसाच्या अंगावर ते आपलं छापील कार्ड टाकून जायचे. आपली पोरं हल्ली मोबाइलवर असल्या टोळ्यांचे व्हिडिओ बघतात, तोंडाला रुमाल बांधून रंगीत धुराच्या नळकांड्या पेटवून रील काढतात. नव्वद टक्के पोरांची ती हौस असते, दुसरं काही नाही. पण ज्याला गावाने आधीच गुंड म्हटलंय त्याला हौस आणि खरी मारामारी यांतलं अंतर ओलांडायला फार वेळ लागत नाही.

ईर्ष्येबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ईर्ष्या नसेल तर मैदान ओस पडेल. कोल्हापूरकडे बघा. तिथे पेठेपेठेच्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावं फुटबॉल न बघणाऱ्यालाही माहीत असतात. शाहू स्टेडियमवर दोन मोठ्या तालमींचा सामना असला की शहराचा तो भाग दुपारपासून तिकडेच चाललेला दिसतो. तिथेही दगड, बाटल्या, शिव्या, मधेच थांबलेले सामने असं सगळं घडलेलं आहे. पण त्याच ईर्ष्येतून पिढ्यान्‌पिढ्या पोरं खेळत आली. २०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यात मैदानातला धसमुसळेपणा गॅलरीत चढला आणि १६ प्रेक्षक मेले. दरवर्षी तो दिवस तिथे फुटबॉलप्रेमी दिन म्हणून पाळतात. आणि त्याच कोलकात्यात ऑगस्ट २०२४ मधे, आर. जी. कर हॉस्पिटलमधल्या डॉक्टर मुलीवरच्या अत्याचार आणि खुनानंतर सुरक्षेचं कारण देऊन याच दोन संघांचा सामना रद्द केला गेला, तेव्हा मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मेडनचे समर्थक आपापले झेंडे घेऊन एकत्र रस्त्यावर उतरले, न्याय मागायला. लाठ्याही एकत्र खाल्ल्या. शंभर वर्षांची ईर्ष्या त्याआड आली नाही.

उलट, प्रतिस्पर्धी समर्थक जवळपासही नसताना माणसं मेल्याची उदाहरणं आहेत. १ ऑक्टोबर २०२२ ला इंडोनेशियात मलंग शहरातल्या कांजुरुहान स्टेडियमवर पाहुण्या संघाच्या समर्थकांना येऊच दिलं नव्हतं, मारामारी नको म्हणून. घरचा संघ हरला, काही पोरं मैदानात उतरली, पोलिसांनी गॅलरीवर अश्रुधुराची नळकांडी सोडली, लोक दारांकडे धावले. अरुंद दारांशी चेंगरून १३५ जण मेले. फिफाच्या सुरक्षा नियमांत स्टेडियममधे असला धूर वापरू नये असं आहे. आणि आपल्या राज्यातलं ताजं दुःख, ४ जून २०२५, बेंगळुरूचं चिन्नास्वामी स्टेडियम. क्रिकेटचा विजय साजरा करायला आलेली माणसं, समोर कुणी शत्रू नाही, तरी गेटांबाहेरच्या चेंगराचेंगरीत ११ जण गेले. म्हणून मी प्रत्येक आयोजकाला आधी दारांबद्दल विचारतो, संघांबद्दल नंतर.

आता आपल्या भागाची खास अडचण. बेळगावचा फुटबॉल कॅम्पात, सेंट पॉल्सच्या मैदानावर, टिळकवाडीतल्या लेले मैदानावर वाढला. कुठलाही जुना संघ घ्या, मराठी, कन्नड, उर्दू, कोंकणी बोलणारी पोरं एकाच जर्सीत दिसतील. बचावफळीला हाका मराठीत, पंचाशी वाद हिंदीत, आणि चिडला की ज्याला जी भाषा आधी आठवेल ती. आत कुणाला काही वाटत नाही. घोळ बाहेर होतो. आपल्याकडे सीमावादामुळे १ नोव्हेंबरला एकाच्या घरी कर्नाटक राज्योत्सव आणि दुसऱ्याच्या घरी काळा दिवस असतो. वातावरण तापलं की पहिला दगड एसटीवर पडतो आणि दोन्हीकडच्या बस बंद होतात. अशा भागात मैदानातली धक्काबुक्की संध्याकाळपर्यंत भाषेची होते, नाहीतर धर्माची. दुपारी चारला जी दोन गल्ल्यांची कुरबुर होती, ती रात्री आठला व्हॉट्सॲपवर ‘त्यांनी आपल्या पोराला मारलं’ अशी फिरते, आणि ‘ते’ कोण हे ज्याने त्याने आपल्या मनाने भरायचं.

आपल्या पोरांना शिक्क्यांचा अनुभव नवा नाही. बेळगावचा खेळाडू कोल्हापुरात गेला की कर्नाटकाचा ठरतो, आणि बेंगळुरूला निवडचाचणीला गेला की मराठी. खानापूरच्या पोरांना शहरातली पोरं रानातली म्हणतात. ज्यांना हे सोसावं लागतं त्यांनीच शेजारच्या गल्लीवर शिक्का मारावा याचं मला फार वाईट वाटतं. आणि याच भागातलं एक उलटं उदाहरण. १८ डिसेंबर २०२२ ला विश्वचषकाचा अर्जेंटिना-फ्रान्स अंतिम सामना झाला. दुसऱ्या दिवसापासून बेळगावात विधिमंडळाचं अधिवेशन होतं, सीमावादाने ते दिवस तापलेले, शहरात जिकडेतिकडे पोलिस. त्या रात्री ३-३ अशी बरोबरी होऊन सामना पेनल्टींच्या टायब्रेकरवर गेला तेव्हा पडद्यासमोर बसलेल्यांत कोण कुठल्या भाषेचा हे विचारायला कुणाला सवड नव्हती. मेस्सीवाले एकीकडे, एम्बाप्पेवाले एकीकडे. ईर्ष्या होती, भरपूर होती. ती फुटबॉलची होती.

टायब्रेकरवरून आठवलं. निपाणीकडच्या एका गावातला प्रसंग सांगतो, कारण तुमच्या गावात जे झालं ते बहुधा अशाच वाटेने झालं असणार. बाद फेरीचा सामना बरोबरीत सुटला. पेनल्टी ज्या गोलावर मारायच्या ठरल्या त्याच्या मागे, दहा-बारा हातांवर, एका गल्लीचे समर्थक दाटीवाटीने उभे. दुसऱ्या संघाचा गोलकीपर त्यांच्याकडे पाठ करून उभा. कुणीतरी जाळी हलवायला लागलं, मग गुटख्याची रिकामी पुडी आली, मग एक खडा त्याच्या पाठीला लागला. तो वळला आणि त्याने हाताने घाणेरडी खूण केली. खडा मारताना जवळच्या पाच-दहा जणांनी पाहिलं असेल. खूण मात्र सगळ्या मैदानाने पाहिली. पाच मिनिटांत दोन गल्ल्यांत दोन वेगळ्या गोष्टी तयार झाल्या, आणि दोन्ही आपापल्या जागी खऱ्या. मी त्या दिवशी सामन्याचा निरीक्षक होतो. पंचांना सांगून सामना थांबवला, दोन्ही कप्तानांना समर्थकांपुढे एकत्र चालवत नेलं, आणि उरलेल्या पेनल्टी शाळेच्या इमारतीकडच्या गोलावर घेतल्या, जिथे मागे भिंत होती आणि माणूस नव्हता. नियमांत याला जागा आहे. टायब्रेकरचा गोल एरवी नाणेफेकीने ठरतो, पण सुरक्षिततेचं कारण असेल तर पंच तो स्वतः ठरवू शकतो. खडा कुणी मारला ते नंतर कळलं. बारा-तेरा वर्षांचा पोरगा, सुट्टीला मामाकडे आलेला, दोन्हींपैकी कुठल्याच गल्लीचा नाही. तोवर अर्ध्या गावाने ठरवून टाकलं होतं की हे काम कुणाचं.

म्हणून तुमचं पहिलं काम असं. दोन्ही गल्ल्यांतले दोन-दोन समंजस लोक घेऊन बसा आणि गेल्या वर्षीचा तो अर्धा तास कागदावर उतरवून काढा. कितव्या मिनिटाला काय झालं, पहिला दगड कुठून आला, दगड तिथे आला कसा, कोण कुठे उभं होतं, गेट कुठलं उघडं होतं. मोबाइलवरचे व्हिडिओ मिळवा, पण तुकडे बघू नका, आधीची पाच मिनिटं मागून घ्या. मला जवळजवळ प्रत्येक वेळी तीनच गोष्टी सापडत आल्यात: जवळपास पडलेली खडी, अंधारात लांबलेला सामना, आणि दोन्ही गटांना जायला एकच वाट.

खडीचं आधी बघा. आपल्या मैदानांच्या कडेला कुणाच्या तरी बांधकामाची खडी, विटांचे तुकडे, गटाराच्या कामाचा मुरूम हमखास पडलेला असतो. सामन्याच्या आदल्या दिवशी ट्रॅक्टर लावून सगळं उचला आणि सकाळी पुन्हा एक फेरी मारा. हातात दगड नसेल तर चिडलेला माणूस शिवी देतो आणि दमतो. रसवंतीवाला आणि सोडावाला मैदानाला लागून बसवू नका, ऊस आणि काचेच्या बाटल्या दोन्ही लांब ठेवा. पाणी पिंपात आणि प्लास्टिकच्या पेल्यांत ठेवा. सुतळी बॉम्ब अजिबात नको. फटाका कानाशी फुटला की घोडं काय आणि माणूस काय, उधळतंच.

वेळेचं म्हणाल तर डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. अर्धा-अर्धा तासाचे दोन हाफ, मधली विश्रांती, जखमींचा वेळ, वर टायब्रेकरला वीस-पंचवीस मिनिटं, असा हिशोब मांडला तर उपांत्य सामना साडेतीनच्या पुढे सुरू करणं धोक्याचं आहे. आणि आपल्याकडे पाहुण्यांचे सत्कार! शाल, नारळ, फेटा, आमदारसाहेबांची वाट बघणं, यात पाऊण तास जातो. सत्कार अंतिम सामन्याला ठेवा. उपांत्यला कुणालाही बोलावू नका.

दोन्ही गल्ल्यांचे समर्थक समोरासमोरच्या लांब बाजूंना बसवा, कुठल्याही गोलमागे कुणाला उभं करू नका. येण्या-जाण्याची वाट वेगळी हवी. मैदानाला एकच गेट असेल तर पंचायतीला सांगून कुंपणाचा एक भाग त्या दिवसापुरता उघडा करून घ्या. सामना चालू असताना कुठल्याही गेटला कुलूप नको, प्रत्येकाशी एक माणूस उभा हवा ज्याचं काम फक्त ते गेट असेल. संपल्यावर हरलेल्यांना आधी जाऊ द्या, जिंकलेल्यांची मिरवणूक पंधरा-वीस मिनिटं मैदानातच थांबवा. त्यांना तिथे नाचायला काहीच हरकत नसते. भांडण बहुतेक वेळा मैदानात होत नाही, जिंकलेल्यांची वरात हरलेल्यांच्या गल्लीतून जाते तिथे होतं.

डीजेला माझा ठाम विरोध आहे. हलगी ठेवा, ढोल ठेवा. हलगीवाल्याकडे बघून हात वर केला की हलगी थांबते आणि माणसाचं बोलणं ऐकू येतं. डीजेच्या भिंतीसमोर पंचाची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही. माईकवरचा निवेदक कोण, हे तर संघांइतकं महत्त्वाचं आहे. मी निवेदकामुळे पेटलेले सामने पाहिलेत आणि निवेदकामुळे विझलेलेही. तो मराठी आणि कन्नड दोन्ही सफाईने बोलणारा हवा. गल्लीवरून, जातीवरून, भाषेवरून एकही टोमणा नको, ‘हा सामना म्हणजे भारत-पाकिस्तान’ असलं काही तर चुकूनही नको. लाल कार्ड दिलं की कशासाठी दिलं हे त्याने लगेच दोन्ही भाषांत सांगायचं. लोकांना निकाल पटला नाही तरी कारण कळलं की निम्मा राग उतरतो.

पंच तालुक्याबाहेरचे बोलवा आणि त्यांचं मानधन सामन्याआधी द्या. पाहुणचार कुठल्याच संघाच्या घरी नको. शिव्यांबाबत फिफाची तीन पायऱ्यांची पद्धत आपल्याकडेही चालते: भेदभावाची घोषणा सुरू झाली की सामना थांबवून माईकवरून ताकीद, पुन्हा झाली की खेळाडूंना थोडा वेळ बाहेर, तिसऱ्यांदा झाली की सामना संपला. हे पहिल्या दिवशीच जाहीर करा आणि पाळा.

समर्थकांत कोण बसणार याचाही विचार करा. बाहेरून आणलेले टी-शर्टवाले धिप्पाड स्वयंसेवक मला आवडत नाहीत, त्यांना बघून पोरांच्या अंगात येतं. प्रत्येक गल्लीतलीच दोन-चार माणसं घ्या, जुने खेळाडू, गणपती मंडळाचे थोरले, ज्यांनी नुसतं ‘ए बाळ्या, खाली बस’ म्हटलं की बाळ्या बसतो. बायका-मुलांसाठी सावलीत खुर्च्या टाका आणि त्यांना आग्रहाने बोलवा. आई आणि बहीण बघत असली की शिव्या आपोआप कमी होतात. पैजांवरही लक्ष ठेवा. पाचशेच्या नोटा हातात धरून उभी असलेली मंडळी समर्थक नसतात, पण पंचाच्या अंगावर सगळ्यात आधी तीच धावतात.

गेल्या वर्षी ज्यांनी दगड मारले त्यांना सोडू नका. व्हिडिओवरून नावं काढा आणि त्या माणसांवर एक-दोन वर्षं मैदानबंदी घाला, त्यांच्या गल्लीवर नको. इंग्लंडमधे १९८९ च्या कायद्यात सगळ्याच प्रेक्षकांना ओळखपत्र सक्तीचं करायची योजना होती. टेलर यांनी तिला विरोध केला आणि ती बारगळली. पुढे जे टिकलं ते गुन्हा करणाऱ्या एकेका माणसावरच्या बंदीचे आदेश, आणि उभ्या गर्दीच्या जागी बसायच्या खुर्च्या. तुमच्या पोरांना हेही समजावून सांगा की दंगलीच्या कलमाखाली नाव गेलं की काय होतं. आपल्याकडे घरटी एखादा पोरगा सैन्यभरतीची तयारी करतोय, पहाटे धावतोय. पोलिस पडताळणीत गुन्हा निघाला की ती सगळी मेहनत वाया. कर्नाटकात एकदा रौडी शीट, म्हणजे पोलिसांकडे गुंड म्हणून नोंद, उघडली की सणावाराला स्टेशनात हजेरी लागते. मैदानबंदी त्या मानाने फार हलकी शिक्षा आहे, आणि ती गावाने स्वतः दिली तर पोरगा हातचा जात नाही.

सामना संपल्यावर लगेच, मैदानातच, दोन्ही कप्तानांचा एकत्र व्हिडिओ काढा. अर्ध्या मिनिटाचा पुरे. एकाने मराठीत, एकाने कन्नडमधे सांगायचं: सामना असा झाला, अमका जिंकला, कुणाला काही लागलेलं नाही. अफवा निघायच्या आत तो सगळ्या ग्रुपवर गेला पाहिजे. काही विपरीत घडलं असेल तर तेही त्यातच खरं खरं सांगा.

राहिले पोलिस. त्यांच्यावर चिडू नका, पण तुमचा शिक्का तेवढा खोडून काढा. २००४ साली पोर्तुगालमधे युरो स्पर्धा झाली तेव्हा इंग्लंडचे समर्थक येणार म्हणून सगळ्यांनी धसका घेतला होता. तिथल्या शहर पोलिसांनी, संशोधकांचा सल्ला घेऊन, दंगलविरोधी पथकं नजरेआड ठेवली आणि साध्या गणवेशातले दोन-दोन पोलिस गर्दीत पाठवले, बोलायला, हसायला, वेळीच एखाद्याला बाजूला घ्यायला. सामन्यांच्या शहरांत मोठी दंगल झाली नाही. हीच मागणी तुमच्या पीएसआय साहेबांकडे करा: लाठ्यांची रांग समोर नको, दोन्ही बाजूंना दोन-दोन ओळखीचे हवालदार द्या, बाकीची गाडी शाळेमागे उभी राहू दे.

अर्ज मराठीतही द्या, पण सोबत कन्नड प्रत लावा. नुसतं ‘परवानगी मिळावी’ असं लिहू नका. मैदानाचा हाताने काढलेला नकाशा जोडा, त्यात दोन्ही गेटं, दोन्ही गटांच्या जागा, पंचांची खोली आणि टायब्रेकरचा गोल दाखवा. सामन्यांच्या वेळा, स्वयंसेवकांची नावं आणि फोन, मैदानबंदी घातलेल्यांची यादी, प्रथमोपचाराची सोय आणि जवळच्या सरकारी दवाखान्याला दिलेली सूचना हे सगळं एका पानावर बसतं. दोन्ही गल्ल्यांच्या कप्तानांना सोबत घेऊन जा आणि अर्जावर दोघांच्या सह्या असू द्या. स्पर्धेच्या महिनाभर आधी जा, कारण साहेब एका फेरीत भेटतातच असं नाही आणि बदल सुचवले तर ते करायला वेळ हवा. नकाशा काढून झाला की मला एकदा दाखवा, गेटांच्या जागा मी बघून देईन.